नाव कोणाचे?

सातवीच्या वर्गात जगाचा नकाशा लावला होता. मेक्सिकोतील ग्वादालाहारा या शहरावर काठी ठेवून मी म्हणालो, "या स्पॅनिश नावात तुमच्या ओळखीचे दोन शब्द लपले आहेत." मग फळ्यावर मूळ अरबी नाव लिहिले : वादी अल-हिजारा. 'वादी-ए-कश्मीर'मुळे वादी मुलांना लगेच समजली. हिजाराजवळ ती अडली. मी हजरे-अस्वदची आठवण करून दिली, तसा मागच्या बाकावरून आवाज आला, "पत्थर!" दगडांचे खोरे.

७११ मध्ये मुस्लिम फौजा स्पेनमध्ये उतरल्या. पुढे त्यांच्या राजवटीत तिथल्या एका नदीकाठच्या गावाला हे नाव मिळाले. १०८५ मध्ये ते गाव कॅस्टिलच्या ख्रिस्ती राजाकडे गेले. राज्य बदलले, नाव राहिले. त्याच गावात जन्मलेला नुन्यो दे गुस्मान मेक्सिको जिंकणाऱ्यांपैकी एक होता. १५३२ मध्ये तिथे वसवलेल्या वस्तीला त्याच्या जन्मगावाचे नाव दिले गेले. जागा बदलत बदलत ती वस्ती १५४२ मध्ये आजच्या ठिकाणी स्थिरावली.

"म्हणजे हे नाव आपलेच!" मी अभिमानाने म्हणालो. एका मुलाने हात वर केला, "सर, मग आपली वाडीसुद्धा अरबीच?" नाही. वाडी संस्कृत वाटिकेची लेक. कानाला सारखे वाटते ते नात्याने सारखे असतेच असे नाही.

मुंबईबाबत हेच झाले. स्पॅनिशची सख्खी बहीण पोर्तुगीज. तिच्यातील 'बॉम बाईया', म्हणजे चांगली खाडी, यावरून बॉम्बे झाले असे आपण ऐकत आलो. पण तिथे 'बाईया' स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'बॉम' नव्हे, 'बोआ' हवे. 'चांगला खाडी' असे कुणी लिहिले तर आपण लाल शाईने खूण करू. मुंबादेवीवरून मुंबई, हेच सरळ वाटते. मनाला आवडणारी व्युत्पत्तीही तपासूनच घ्यावी लागते.

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, स्पॅनिश लोक येण्याआधी तिथे कोण राहत होते?" मी थांबलो. तिथे माणसे होती, त्यांच्या भाषा होत्या, आणि गुस्मानची मोहीम क्रूरपणासाठी कुप्रसिद्ध आहे. ज्या नावाचा मला अभिमान वाटत होता, ते दोन वेळा तलवारीच्या मागोमाग चालत गेले होते.

२०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. माझ्या बी.एड.च्या कागदांवर औरंगाबाद छापले आहे. त्या दिवशी घरात जेवताना कोणी फारसे बोलले नाही. ते दुःख खरे होते. पण 'मूळ आमचे, म्हणून नाव आमचे' हा तर्क मी ग्वादालाहारासाठी वापरला, तर तोच तर्क दुसऱ्याने माझ्यासमोर ठेवल्यावर मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? इन्साफाचा तराजू दोघांना एकच हवा.

मला आता वाटते, मुळाचा शोध एवढेच सांगतो की या वाटेने कोण कोण गेले. त्यातून मालकी सिद्ध होत नाही. नाव ही अमानत आहे. आधीच्यांनी ती आपल्या हाती दिली, आपण पुढच्यांच्या हाती द्यायची. तिला हात लावायचा असेल, तर जे आज त्या नावाने हाक मारतात त्यांना आधी विचारावे.

आमच्या सालेकसा तालुक्यात माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठी दूरदूरहून गोंड बांधव येतात. इथल्या डोंगरांना नावे देणाऱ्यांमध्ये त्यांचे पूर्वज होते. त्या दिवशी मी मुलांना गृहपाठ दिला : आपल्या गावातील नाले, टेकड्या, तळी यांची नावे घरच्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून आणा. शेजारी गोंड असतील तर त्यांच्याकडे आधी जा.