सोडून जाण्याचा भाव

नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाला किती पैसे द्यावेत? प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र माणूस कोण यावर ठरतं. आणि माणूस कोण यावरच ज्या देशात सगळं ठरत आलं, तिथं हा प्रश्न 'मोठ्या कंपन्यांचा घरचा मामला' म्हणून सोडून देता येत नाही.

इन्फोसिसचंच घ्या. १९८१ साली पुण्यात दहा हजार रुपयांवर सुरू झालेली ही कंपनी, पुढं बंगलोरला गेली आणि जगभर पसरली. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिचे मुख्य वित्त अधिकारी राजीव बन्सल यांनी नोकरी सोडली. कंपनीनं त्यांना १७ कोटी ३८ लाख रुपये द्यायचं कबूल केलं. म्हणजे २४ महिन्यांचा पगार. पाच कोटी दिल्यावर हात आखडला. हे पैसे तोंड बंद ठेवण्यासाठी तर नाहीत ना, अशी शंका संस्थापक नारायण मूर्तींनीच जाहीरपणे काढली. कंपनीनं ती नाकारली. भांडण लवादापुढं गेलं आणि सप्टेंबर २०१८ मध्ये लवादानं सांगितलं, उरलेले १२ कोटी १७ लाख व्याजासकट द्या.

बन्सल यांच्यावर माझा रोख नाही. शब्द दिला होता, तो पाळायला लावला, ठीकच झालं. मला विचारायचंय ते वेगळं. असा शब्द कोण कोणाला देतो? आणि आमच्या मायबहिणींना तो कधीच का दिला गेला नाही?

जरा हिशोब मांडू. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यानं कामगाराला वर्षाला पंधरा दिवसांचा पगार ठरवला, तोही पाच वर्षं सलग काम केलं तर. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तोच पंधरा दिवसांचा हिशोब आला. महिना २६ दिवसांचा धरतात. या दरानं २४ महिन्यांचा पगार हातात पडायला एकाच मालकाकडं जवळजवळ ४२ वर्षं राबावं लागतं. विसाव्या वर्षी कामाला लागलेली पोर बासष्टाव्या वर्षी तिथं पोचेल. जगली तर.

आणखी एक हिशोब. २०१३ च्या कायद्यानंतर हातानं मैला उचलण्याचं काम सोडणाऱ्याला एकरकमी ४०,००० रुपये देण्याची योजना होती. पिढ्यान् पिढ्यांचं नरक सोडण्याची ही सरकारी किंमत. १७ कोटी ३८ लाखांत अशी ४,३४५ माणसं बसतात. एका बाजूला एक राजीनामा, दुसऱ्या बाजूला ४,३४५ मुक्ती. तराजू कोणत्या बनियाचा आहे ते तुम्हीच ओळखा.

गंमत म्हणजे कायद्यालाही यातली मेख कळलेली आहे. १९५६ च्या कंपनी कायद्यात होतं आणि २०१३ च्या कायद्यातही आहे: व्यवस्थापकीय संचालक आपणहून राजीनामा देऊन गेला, तर पद गेल्याची भरपाई त्याला नाही. कंपनीच्या विलीनीकरणासारखे अपवाद सोडले तर नाहीच. विचार सरळ आहे. तू स्वतः चाललास, मग भरपाई कसली? पण हे संचालकांपुरतं. संचालक मंडळावर नसलेला बडा अधिकारी या जाळीतून निसटतो. त्याच्यासाठी करार असतो, आणि करार लिहिणारे त्याच्याच पंगतीला बसणारे असतात.

आता आपल्या जिल्ह्यात या. गोंदिया, भंडारा, कामठी हा बिडीचा पट्टा. जंगलातला तेंदूपत्ता, वस्तीतलं सूप, कैची, तंबाखू, आणि अंधार पडेस्तोवर वाकलेल्या माना. कामठीच्या बाबू हरदासांनी याच बिडीवाल्यांची संघटना बांधली, १९३७ साली ते विधिमंडळात गेले आणि १९३९ साली पस्तिशीतच क्षयानं गेले. बिडीवाल्याला क्षय म्हणजे काय ते आपल्या घरांना सांगायला नको.

या बिडीवाल्यांवरून १९६१ साली सुप्रीम कोर्टात एक निकाल झाला. एका कारखान्यात बिड्या वळणारा माणूस हक्काची रजा मागत होता. कोर्ट म्हणालं, हा वाटेल तेव्हा येतो, वाटेल तेव्हा जातो, म्हणून कारखाना कायद्याच्या अर्थानं हा 'कामगार'च नाही. त्याच्या एक वर्ष आधी नागपूरच्या बिडीवाल्यांच्या बाबतीत त्याच कोर्टानं उलट म्हटलं होतं, ते कामगार आहेत म्हणून. वकिलांना यात बारकावे दिसतील. मला एवढंच दिसतं: साहेबाला सोडून जायचं स्वातंत्र्य असलं की त्याचे कोटी होतात. बिडीवाल्याला उठून जायचं स्वातंत्र्य असलं की तो कामगारच राहत नाही. एकाच स्वातंत्र्याचे हे दोन भाव!

१९७७ साली बिडी धंद्याला भविष्य निर्वाह निधी लागू झाला. मालक कोर्टात गेले. घरी बसून वळणाऱ्या बाया आमच्या नोकरच नाहीत म्हणाले. १९८५ साली कोर्टानं ते फेटाळलं. त्या बाया नोकरच, कारण बिड्या तपासून छाट काढायचा अधिकार मालकाचा. म्हणजे ज्या छाटीनं बाईची मजुरी कापली जायची, तीच छाट तिच्या कामाला पुरावा ठरली.

आमच्या वस्तीतल्या एका मावशीनं तीसेक वर्षं वळून डोळ्यांनी दिसेना तेव्हा काम सोडलं. मी विचारलं, मावशे, काय मिळालं? ती म्हणाली, "सोडलं तं सोडलं बापा. कोन देते? जाता जाता छाटीचेच कापले." पीएफच्या कागदावर तिचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. एवढ्यावर अडलं. तिला २४ महिन्यांचा पगार कोण देणार? तिच्या जाण्यानं कोणाचं काय बिघडतं? तिच्या जागी दुसरी बसली, सूप तेच.

इथं खरी गोम आहे, दोस्तहो. राजीनाम्याचे मोठे पैसे हा कामाचा मोबदला नव्हे. काम केलं त्याचा पगार महिन्याच्या महिन्याला मिळाला, बोनस मिळाला. हा पोटाचाही आधार नव्हे. असा माणूस उपाशी मरत नाही. हे पैसे त्याच्या उपद्रवाची किंमत आहेत. त्याला आतलं ठाऊक असतं, तो प्रतिस्पर्ध्याकडं जाऊ शकतो, बोलू शकतो. म्हणून भांडू नकोस, बोलू नकोस, गुपचूप जा, हे घे. सगळेच सौदे असे असतात असं मी म्हणत नाही. पण ज्याच्याकडं बिघडवण्याची ताकद नाही त्याला असा सौदा कधी देऊ केल्याचं तुम्ही ऐकलंय का?

आमच्या बापजाद्यांना तर राजीनामा हा शब्दच नव्हता. मुंबई इलाख्यात महार वतन होतं. घरातल्या कोणालाही, केव्हाही, सरकारी कामाला जुंपायचं. बाबासाहेबांनी १९२८ साली ते बदलायला कौन्सिलात बिल आणलं. महाडला १९२७ साली लोकांनी मेलेली ढोरं टाकायची ठरवली, तर गावोगाव बहिष्कार पडला. आमचं काम सोडणं हा गुन्हा होता. त्यावर भरपाई नाही, दंड होता.

१४ ऑक्टोबर १९५६ ला या मुलखातली माणसं चालत, गाड्यांना लोंबकळत नागपूरला गेली. तो राजीनामाच होता, इतिहासातला सगळ्यात मोठा. त्याबद्दल काय मिळालं? अनुसूचित जाती म्हणून केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीपर्यंत मिळाल्या नाहीत. ३४ वर्षं. लोकांनी ते सोसलं, पण दिलेला राजीनामा परत घेतला नाही.

बाबासाहेबांनी स्वतः सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. जाताना ते गप्प बसले नाहीत. सभागृहात निवेदन करू देईनात म्हणून बाहेर पडले आणि ते वर्तमानपत्रांना दिलं. हिंदू कोड बिलाचं काय झालं, अस्पृश्यांचं काय झालं, सगळं बोलले. १९५४ साली भंडाऱ्यातून पोटनिवडणुकीला उभे राहिले, तेव्हा गोंदिया भंडाऱ्यातच होता. पडले. न विकलेल्या तोंडाला आपल्या जिल्ह्यानंही काय दिलं, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

मग बाबासाहेबांचं नाव घेणारे आपले पुढारी पहा. गट सोडला की महामंडळ. दुसरा गट सोडला की कमिटी. त्यांच्याही जाण्याला भाव आहे, कारण त्यांच्यामागं आपली मतं आहेत. माल आपला, राजीनामा त्यांचा. कंपनीच्या साहेबावर तोंडसुख घेणारा कार्यकर्ता इथं का गप्प होतो? निदान साहेबाचा करार कागदावर तरी असतो.

काही मित्र म्हणतात, साहेबांचे पैसे बंद करा. करा. पण तेवढ्यानं मावशीच्या हातात दमडी पडत नाही. १९८२ च्या आशियाड मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की किमान वेतनाहून कमी पैशात राबायला लावणं हीसुद्धा घटनेच्या २३ व्या कलमाखाली सक्तीची मजुरी, कारण भूक हीही सक्तीच. हाच धागा पुढं ओढा. काम सोडलं तर उद्याची चूल पेटणार नाही म्हणून जो सोडू शकत नाही, तो मोकळा कसा? सोडून जाणाऱ्याच्या हातात काही असणं ही मेहेरबानी नाही, ते मोकळेपणाचं भांडवल आहे. साहेबाला ते करारानं मिळतं. बाईला ते कायद्यानं मिळायचं होतं, आणि ते नावाच्या स्पेलिंगपाशी अडून पडलंय.

म्हणून पुढच्या महिन्यात तिरोडा, गोरेगाव, अर्जुनी मोरगावच्या वस्त्यांतून फिरताना वही घेऊन चला. दर घरी विचारा: बिडी कधी सोडली? कार्ड होतं का? पीएफचा नंबर कुठं आहे? कागदावर नाव कसं आहे, आणि आधारवर कसं? कारखाना बंद झाला असेल तर सही कोणाची घ्यायची, तेही पीएफच्या ऑफिसात जाऊन विचारून या. एका दिवसात वीस घरं होतात.