भैरवनाथाच्या दारची माकडं

परंडा तालुक्यातलं सोनारी हे काळभैरवनाथाचं गाव. चैत्रात इथं मोठी यात्रा भरते. पण बाहेरगावच्या माणसाला सोनारी म्हटलं की देवाच्या जोडीनं माकडं आठवतात. देवळावर, भिंतींवर, घरांच्या छपरांवर त्यांचा राबता असतो. दर्शन घेऊन निघालेल्या बाईच्या पिशवीवर एखादी माकडीण नजर लावून बसलेली असते, पोटाला पिलू बिलगलेलं. बाई फुटाण्यांची मूठ पुढे करते. माकडीण दोन्ही हातांनी फुटाणे भराभर तोंडात कोंबते आणि मूठ रिकामी झाली की पाठ फिरवते. तिच्या पाठमोऱ्या अंगाकडे बघून बाई हात जोडते.

पोथीप्रमाणे भैरवनाथाचं वाहन कुत्रा. माकड मारुतीचं, रामाच्या सेनेतलं. तरी सोनारीची माकडं भैरवनाथाचीच मानली जातात, कारण ती त्याच्या दारात राहतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. माणूस निसर्गाशी कसा वागतो हे त्याचा धर्मग्रंथ ठरवतो, असं आपण सहज धरून चालतो. इथं ते शेजारानं ठरवलेलं आहे.

लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकारानं 1967 साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक गाजलेला लेख लिहिला. देवानं माणसाला साऱ्या प्राणिमात्रांवर सत्ता दिली, या बायबलमधल्या कल्पनेत त्यानं आजच्या पर्यावरण-संकटाची मुळं शोधली. त्याच परंपरेतल्या, पाखरांना भावंडं मानणाऱ्या संत फ्रान्सिसचा आदर्शही त्यानं पुढे ठेवला, आणि 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी आपल्या परिपत्रात सत्तेचा तो अर्थ साफ नाकारला. आपल्याकडे व्हाइटच्या म्हणण्याचा पहिला भाग आवडीनं सांगितला जातो. आम्ही तर नदीला माता म्हणतो, वडाला सूत गुंडाळतो, नागाला दूध दाखवतो! पण त्याच मातेत आपण गावाचं सांडपाणी सोडतो. पूजेनं नदी वाचली असती तर गंगा केव्हाच निर्मळ झाली असती. निसर्गाला देव मानण्यात एक सोय आहे. देव काही मागत नाही, आपण देऊ तेवढ्यावर भागतं, आणि नमस्कार केला की आपण मोकळे होतो.

म्हणून सोनारीच्याच जिल्ह्यातलं उपळा हे गाव मला जास्त विचारात पाडतं. तिथल्या ग्रामपंचायतीच्या जमीन-नोंदींत 32 एकर जमीन गावातल्या माकडांच्या नावे असल्याची बातमी ऑक्टोबर 2022 मध्ये आली. ही नोंद कुणी केली, कधी केली, हे गावातही कुणाला ठाऊक नव्हतं. पूर्वी तिथं लग्नात पहिला मान माकडांचा असे. त्यांना आहेर दिल्यावरच कार्याला सुरुवात व्हायची. वनखात्यानं त्या जमिनीवर झाडंही लावली.

ज्या मुलखात बांधाच्या वीतभर सरकण्यावरून सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात, तिथं 32 एकर! फुटाणे टाकणं म्हणजे दान. देणाऱ्याचा हात वर राहतो आणि घेणाऱ्याला रोज त्या हाताची वाट बघावी लागते. नावावर जमीन करणं म्हणजे वाटा. वाटेकऱ्यानं उपकार मानायचे नसतात. तो भांडतो, नुकसानही करतो, पण म्हणून त्याचा हिस्सा बुडत नाही. धर्मानं निसर्गाला बहुतेक वेळा एकतर देव्हाऱ्यात बसवलं नाहीतर माणसाच्या दिमतीला दिलं. उपळ्यातल्या कुणा अनाम माणसानं त्याला भाऊबंद केलं.

कायद्यालाही हे अगदी परकं नाही. देवस्थान इनामाच्या जमिनीचा मालक देव, पुजारी फक्त व्यवस्था पाहणारा, हे सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्येही स्पष्ट केलं. ख्रिस्तोफर स्टोन या अमेरिकन कायदेपंडितानं 1972 साली झाडांना न्यायालयात उभं राहण्याचा हक्क का नसावा, असं विचारलं तेव्हा अनेकांना ते विचित्र वाटलं. 2017 साली न्यूझीलंडनं व्हांगानुई नदीला कायद्यानं व्यक्ती मानलं, कारण तिथले माओरी लोक पिढ्यान्‌पिढ्या तिला पूर्वज मानत आले होते. त्याच वर्षी उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं गंगा-यमुनेलाही तसा दर्जा दिला, पण सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली.

या सगळ्यात एक माणूस मात्र विसरायला होतो. ज्याच्या दोन एकरांतला हरभरा माकडांची टोळी एका सकाळी ओरबाडून जाते, तो शेतकरी. पावसानं आधीच दगा दिलेला असतो. तो फटाके फोडतो, गोफण फिरवतो. त्याला भूतदयेचे पाठ देण्याचा अधिकार मला नाही, देवळात हात जोडून शहराकडे परतणाऱ्या कुणालाच नाही. माकडांचा वाटा मान्य करायचा तर तो एकट्या त्याच्या ताटातून काढून चालणार नाही. भैरवनाथाच्या दारी जे कुणी श्रद्धेनं येतात त्या सगळ्यांनी तो उचलला पाहिजे. फुटाण्यांचे पैसे वड, उंबर, जांभूळ, बोर लावायला आणि ती रोपं उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर जगवायला गेले पाहिजेत. आणि ज्याचं पीक गेलं त्याला भरपाई त्याच हंगामात, हेलपाटे न घालता मिळाली पाहिजे. पुढची पेरणी त्याला त्याच पैशांवर करायची असते.