मूसीचे धरण आणि गांधारीची नजर

दहावी-बारावीचा निकाल लागला की शाळेच्या कचेरीत दाखल्यांसाठी पालकांची रीघ लागते. उदगीर, देगलूर, भालकी, बिदर या पट्ट्यातल्या मराठी घरांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळचे. दाखला हाती घेताना एखादा बाप हमखास विचारतो, "सर, पोराला तिकडं काही होणार नाही ना?" प्रश्न भोळा आहे, पण त्याचे प्रामाणिक उत्तर ना मुख्याध्यापकाजवळ असते, ना आईबापांजवळ. उत्तर नसताना आईबापपण कसे निभवावे, हा खरा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

ज्या हैदराबादची काळजी आपण वाहतो, त्या शहराने हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मूसी नदीला महापूर आला. सुमारे १५ हजार माणसे त्यात गेली असे मानतात. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुनी चिंच आहे. तिच्या फांद्यांवर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले, असे सांगतात. त्या दिवशी कितीतरी आयांनी लेकरे उराशी कवटाळली असतील. घट्ट धरलेली वाचली आणि सैल धरलेली गेली, असे म्हणण्याची छाती कोणाची होईल?

पुरानंतर निजाम सरकार स्वस्थ बसले नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले. पुढे मूसीवर उस्मानसागर (१९२०) आणि ईसी या तिच्या उपनदीवर हिमायतसागर (१९२७) उभे राहिले. शहराला पुरापासून आसरा मिळाला आणि प्यायला पाणीही. तेव्हा 'नशिबात असेल ते चुकत नाही' म्हणून हात बांधून बसणे मला मान्य नाही. राखण करणे हे कर्तव्यच आहे. परंतु ऑक्टोबर २०२० मध्ये याच शहरावर आभाळ फाटले. हिमायतसागरचे दरवाजे तर उघडावे लागलेच. शिवाय तुंबलेल्या नाल्यांनी आणि भरून वाहणाऱ्या तलावांनी नदीपासून दूरच्या वस्त्याही बुडवल्या. बंदोबस्त एका दिशेला होता, संकट दुसऱ्या दिशेनेही आले. आणि धरणाला दरवाजे ठेवावेच लागतात; सगळे पाणी कायमचे अडवून धरणारे धरण टिकत नाही.

आपल्या लोककथेतल्या गांधारीला हेच भोगावे लागले. डोळ्यांवरची पट्टी सोडून तिने दुर्योधनाला एकदाच पाहिले आणि नजर पडेल तेवढे त्याचे शरीर वज्राचे झाले. पण वयात आलेला मुलगा आईसमोर उघडा कसा येणार? त्याने कमरेभोवती आडोसा केला. झाकलेली मांडी तेवढी कच्ची राहिली, आणि भीमाची गदा नेमकी तिथेच बसली. या कथेतून मला एक गोष्ट उमगते. आईच्या नजरेपासून काही झाकून ठेवणे हे मूल मोठे झाल्याचे लक्षण आहे. मुलाचे स्वतःचे असे जे काही असते, मैत्री, प्रेम, महत्त्वाकांक्षा, लाज, तिथे आपली नजर पोचत नाही. आणि घाव बहुधा तिथेच बसतो. तो आडोसा हिसकावून घ्यावा, तर मूल वज्राचे होईलही कदाचित, पण मोठे होणार नाही.

हे न मानण्याचे परिणाम मी पाहिले आहेत. आमच्या भागातला एक तरुण तिकडे रस्त्यावरच्या अपघातात गेला. समाचाराला आलेली माणसे त्याच्या आईला विचारत होती, "गाडी घेऊन दिलीच कशाला?" ती माणसे दुष्ट नव्हती. त्यांना स्वतःचीच समजूत घालायची होती : यांचे चुकले, आपण चुकणार नाही, म्हणजे आपले लेकरू सुखरूप. स्वतःच्या निश्चिंतीसाठी आपण दुःखी आईला गुन्हेगार ठरवतो. राखण करता आली नाही, एवढ्यावरून राखण केली नाही असे ठरत नाही.

दुसरा परिणाम मुलांवर होतो. 'तुला काही झाले तर मी जगणार नाही' असे ऐकत वाढलेले पोर काही झाले की पहिल्यांदा घरापासूनच लपवते. वसतिगृहातला छळ, बुडालेला विषय, फसवणुकीत गेलेले पैसे, सारे एकटेच सोसते. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर ते हसते आणि आपण समाधानाने झोपतो. आपली भीती त्याच्या डोक्यावरचे दुसरे ओझे होऊन बसते.

मूसीकाठच्या चिंचेने पूर अडवला नाही; आलेल्यांना फांदीवर जागा दिली. आईबापांनी धरणेही बांधावीत, आपल्या ऐपतीप्रमाणे, जितकी जमतील तितकी. पण मूल घराबाहेर पडताना सूचनांच्या लांबलचक यादीबरोबर एक वाक्य त्याच्या पदरात टाकावे : "काहीही झाले तरी आधी घरी सांग, चूक कोणाची ते मागाहून पाहू." आणि तो फोन खरोखरच आला, तर मागाहून पाहण्याचा शब्द तेवढा पाळावा.