जिभेच्या साक्षीची मर्यादा

आस्वादकाचा अनुभव हाच त्याच्या विधानाचा आधार असतो, हे समीक्षाव्यवहारात गृहीत धरलेले असते. परंतु ज्या गुणाविषयी विधान करावयाचे तो गुण अनुभवाच्या कक्षेतच येत नसेल, तर आस्वादकाच्या साक्षीचे मोल काय राहते? हा प्रश्न केवळ ज्ञानमीमांसेचा नाही. त्या साक्षीवर विसंबून दुसरी व्यक्ती काही कृती करणार असेल, तर तो नीतीचाही ठरतो. लहान उत्पादकांनी तयार केलेल्या, ग्लूटेनचे प्रमाण घटविलेल्या अँबर एल या बिअरचा आस्वाद घेऊन तिच्याविषयी मत देताना हा प्रश्न विशेष स्पष्टपणे उभा राहतो.

अँबर एल ही अमेरिकेत रूढ झालेली बिअरची एक शैली. मोड आलेले जव ओलसर असतानाच भाजले की त्यांतील साखरेला खरपूस गोडी आणि तांबूस रंग येतो. हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा त्या गोडीला तोलून धरतो. जवांत ग्लूटेनवर्गातील प्रथिने असतात. गव्हासारख्या धान्यांचा सीलिअ‍ॅक विकाराशी असलेला संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५०च्या आपल्या प्रबंधात मांडला. या विकारात ग्लूटेनच्या निमित्ताने शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते. अल्पग्लूटेन बिअर जवांचीच असते. मात्र ती आंबविताना, प्रोलीन या अमिनो आम्लापाशी प्रथिनांची साखळी तोडणारे एक एन्झाइम तिच्यात मिसळतात. हे एन्झाइम मुळात, थंड केलेल्या बिअरला येणारा गढूळपणा टाळण्यासाठी वापरात आले. फेस टिकविणाऱ्या प्रथिनांत प्रोलीन कमी असल्यामुळे फेसाला फारसा धक्का लागत नाही. रंग, गंध आणि कडवटपणाही जवळजवळ तसेच राहतात. या प्रक्रियेचे यशच असे, की ती जिभेला कळत नाही.

अशा बिअरविषयी आस्वादक काय म्हणू शकतो? खरपूस गोडी आहे, कडवटपणा नेमका आहे, शेवट कोरडा आहे, हे त्याला निःसंशय म्हणता येईल. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथापासून मराठी अभ्यासकांना परिचित असलेल्या कांटच्या विवेचनानुसार हे विधान ‘सुखद’ या कोटीतले होय. कॅनरी बेटांवरील मद्य सुखद आहे असे म्हणणाऱ्याने ‘मला’ हा शब्द जोडावा, अशी कांटची अपेक्षा आहे. ह्यूमची भूमिका याहून वेगळी. अभिरुचीच्या निकषावरील १७५७च्या निबंधात त्याने ‘डॉन किहोते’मधील सांचोच्या दोन नातलगांची गोष्ट घेतली आहे. पिंपातील मद्य चाखून एकाला त्यात चामड्याची, तर दुसऱ्याला लोखंडाची किंचित चव जाणवली. लोक हसले, पण पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली सापडली. तरबेज जिभेची साक्ष खरी ठरली.

अल्पग्लूटेन बिअरच्या बाबतीत या दृष्टान्ताचे दोन्ही आधार निसटतात. ग्लूटेनच्या तुटलेल्या तुकड्यांना जिभेला ओळखू येईल अशी चव नाही. म्हणून कितीही कसलेला आस्वादक येथे इतरांच्याच पायरीवर उभा असतो. शिवाय हे पिंप पूर्णपणे रिकामेही करता येत नाही. अखंड प्रथिन मोजणाऱ्या चाचण्या तुटलेल्या तुकड्यांबाबत भरवशाच्या राहत नाहीत. आंबविलेल्या पदार्थांतील ग्लूटेन विश्वसनीय रीतीने मोजणारी पद्धत उपलब्ध नाही, अशी भूमिका अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२०च्या नियमात घेतली. त्याआधीपासूनच तेथे अशा बिअरवर ग्लूटेन काढण्याची प्रक्रिया केल्याचा दावा छापावयाचा, तर उरलेल्या प्रमाणाची खात्री देता येत नाही आणि ग्लूटेन असू शकते, हेही सोबत छापावे लागते. युरोपीय संघात मात्र किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन न आढळल्यास तीच बिअर ‘ग्लूटेनमुक्त’ या नावाने विकता येते. द्रव्य एक, विशेषणे दोन. आणि त्यांपैकी कोणते लावावे याचा निर्णय चवीच्या आधारे होऊ शकत नाही.

भारतीय रसविचाराच्या संदर्भात ही मर्यादा अधिक नेमकेपणाने सांगता येते. नाना व्यंजनांनी संस्कारित अन्न सेवन करणाऱ्या सुमनस पुरुषाचा दृष्टान्त देऊनच भरताने नाट्यरसाचे स्पष्टीकरण केले. पुढे अभिनवगुप्ताच्या विवेचनात, साधारणीकरणामुळे रसिक ‘माझे’ आणि ‘परक्याचे’ या मर्यादांतून सुटतो. परंतु हा दृष्टान्त उलट दिशेने चालविला की त्याची सीमा दिसते. नाट्यातील विष कोणालाही बाधत नाही. पेला मात्र एका विशिष्ट देहात उतरतो. चवीचे वर्णन अनेकांना सामाईक होऊ शकते, इजा होऊ शकत नाही. आस्वादकाची प्रकृती निरोगी असेल, तर त्याचा आस्वाद ज्या अलिप्ततेमुळे निर्वेध होतो, तीच अलिप्तता त्याला दुसऱ्याच्या वतीने बोलण्यास अपात्र ठरविते.

यावर असा आक्षेप संभवतो, की आस्वादक वैद्य नाही आणि पिणारा सज्ञान आहे. निवड त्याची त्याने करावी. आक्षेप रास्त आहे, पण निवडीचे स्वातंत्र्य शब्दांच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असते. ज्वारी किंवा बाजरीसारख्या, मुळातच ग्लूटेन नसलेल्या धान्यांची बिअर मिळते. परंतु तिची चव निराळी असते. सीलिअ‍ॅक असलेल्या माणसाला चारचौघांत बसून चौघांचेच पेय घ्यावेसे वाटते, ही इच्छा क्षुल्लक नव्हे. म्हणूनच ‘नेहमीच्या बिअरहून काही वेगळे जाणवले नाही’ हे आस्वादकाचे वाक्य त्याच्या मनावर सर्वाधिक परिणाम करते. वाक्य चवीविषयी असते, ऐकले जाते ते निर्धोकपणाविषयी. पिणाऱ्याचा स्वतःचा अनुभवही येथे निर्णायक नसतो. कारण या विकारात बाह्य लक्षणे न दिसताही आतड्याला इजा होत राहू शकते. ‘मला काही झाले नाही’ ही साक्षही अपुरीच ठरते.

तेव्हा आस्वादकाने मौन पाळावे असा याचा अर्थ नाही. गोडी, गंध, तोल यांविषयी त्याने पूर्ण अधिकाराने बोलावे; पण ‘अल्प’ आणि ‘मुक्त’ या शब्दांतील अंतर आपल्या प्रशंसेने बुजविले जाणार नाही, याची जबाबदारी त्याचीच आहे. ‘हे चांगले आहे’ आणि ‘हे तू घे’ या दोन विधानांमध्ये दुसऱ्याचा देह उभा असतो. पहिल्या विधानाला संस्कारित अभिरुची पुरते. दुसऱ्यासाठी अभिरुचीबाहेरचे प्रमाण लागते, आणि ते हाती नसेल तर तसे स्पष्ट सांगणे हा आस्वादविधानाचाच भाग मानला पाहिजे.