नियम कीं निमित्त ?

मनुष्याच्या नीतिविचारांची परीक्षा मोठ्या प्रसंगींच होते असें नाहीं. कित्येकदां ती घरासमोरच्या रस्त्यावर, दूध-वर्तमानपत्रांच्या वेळीं, एका क्षणांत होऊन जाते आणि आपण नापास झालों हें परीक्षार्थ्यास पुष्कळ उशिरां कळतें. असाच एक प्रसंग प्रारंभीं सांगणें आम्हांस भाग आहे. तो सांगण्यांत आम्हांस भूषण नाहीं. परंतु ज्या प्रश्नाचा विचार येथें करावयाचा आहे, तो आमच्यापुढें पुस्तकांतून आलेला नसून त्या प्रसंगांतूनच उभा राहिलेला आहे.

गेल्या थंडींत एके दिवशीं पहाटेस आम्ही पाहुण्यांस स्टेशनावर पोंचवून परत आलों व पुण्यांतील आमच्या घरासमोर मोटार उभी केली. रस्त्याच्या कडेला सायकलींसाठीं आंखलेली एक पट्टी आहे. तिच्यावर सगळेच मोटारी लावतात, म्हणून आम्हींही लावली. मागें न पाहतां आम्हीं दार उघडलें, आणि त्याच क्षणीं वर्तमानपत्रें टाकणारा एक मुलगा सायकलीसह त्या दारावर येऊन आपटला. त्याचें कोपर सोललें, अंक रस्ताभर पसरले. त्यास उचलण्यापूर्वीं आमच्या तोंडून जें पहिलें वाक्य निघालें तें असें : "दिवा कोठें आहे तुझा ?" मुलानें सायकलीकडे पाहिलें. दिवा नव्हता. "चुकलं, काका," असें म्हणून तो अंक गोळा करूं लागला. आम्हीं ती क्षमायाचना स्वीकारली. वर "पुन्हां असा येऊं नकोस," असा उपदेशही केला.

तो गेल्यावर दार लावतांना आमची दृष्टि सहज वर गेली. मोटार रस्त्यावरच्या दिव्याच्या अगदीं खालीं उभी होती. उजेड भरपूर होता. मुलाजवळ दिवा असता तरी तो आम्हांस दिसला नसता. कारण आम्हीं मागें पाहिलेंच नव्हतें. शिवाय ज्या पट्टीवरून त्यानें जावयाचें ती आमच्याच मोटारीनें अडविली होती, म्हणून तर त्यास रस्त्याच्या मध्याकडे सरावें लागलें होतें. त्यानें एक नियम मोडला होता हें खरें. परंतु त्याचें कोपर सोललें तें त्या नियमभंगामुळें नव्हे, आमच्या दोन चुकांमुळें. असें असतां क्षमा त्यानें मागितली आणि आम्हीं ती दिली !

यावरून प्रश्न उद्भवतो तो हा : एखाद्यानें नियम मोडला म्हणजे दुसऱ्यानें त्याची काळजी घेण्याचें कर्तव्य संपतें काय ? मोटारवाले व सायकलस्वार यांचें जें भांडण हल्लीं प्रत्येक मोठ्या शहरांत ऐकूं येतें, त्याच्या मुळाशीं हाच प्रश्न आहे असें आम्हांस वाटतें.

मोटारवाल्यांची बाजू प्रथम मांडूं, व ती दुबळी करून मांडणार नाहीं. ते म्हणतात, आम्ही परवाना काढतों, कर भरतों, गाडीवर क्रमांक लावतों, तांबड्या दिव्यापुढें थांबतों. सायकलवाला मात्र तांबडा दिवा असतां निघून जातो, उलट दिशेनें येतो, मध्येंच पदपथावर चढतो; त्याला ना क्रमांक ना परवाना. नियम जर सर्वांसाठीं असेल तर तो सर्वांनीं पाळावा. कांटनें नीतीची जी कसोटी सांगितली, कीं आपण ज्या सूत्रानें वागतों तें सर्वांचें सूत्र व्हावें असें आपणांस इच्छितां आलें पाहिजे, तिला सायकलवाल्याचें वर्तन उतरत नाहीं. आणखी एक मुद्दा याहूनही बळकट आहे. रस्त्यावरच्या नियमाचें मुख्य मोल त्याच्या न्याय्यतेंत नसून निश्चिततेंत आहे. डावीकडून जावें कीं उजवीकडून, यांत नीति अशी कांहींच नाहीं. परंतु एकदां डावी बाजू ठरली म्हणजे समोरचा मनुष्य कोठें असेल हें आपणांस कळतें, व त्या विश्वासावर आपण पाऊल टाकतों. तो विश्वास मोडणें म्हणजे केवळ नियम मोडणें नव्हे, तर दिलेला शब्द मोडणें होय.

हा युक्तिवाद खरा आहे, परंतु अर्धा खरा आहे. रस्त्यावरचे हे निर्बंध मुळांत कशासाठीं आले याचा त्यांत विसर पडलेला असतो. इंग्लंडांत १८६५ सालीं जो कायदा झाला, त्यान्वयें रस्त्यावरून यंत्रानें चालणाऱ्या गाडीपुढें तांबडें निशाण घेतलेला माणूस पायीं चालला पाहिजे असे, आणि गाडीचा वेग शहरांत ताशीं २ मैल व बाहेर ४ मैल यांहून अधिक असतां कामा नये असें बंधन होतें. तो कायदा हास्यास्पद वाटण्याइतका कडक होता, व १८९६ सालीं तीं बंधनें सैल झालीं हें योग्यच झालें. तथापि त्याच्यामागचें तत्त्व हास्यास्पद नव्हतें. जो धोका घेऊन रस्त्यावर येतो, धोक्याचें ओझें त्यानें वाहावें, हें तें तत्त्व. परवाना, क्रमांक व विमा हीं त्या तांबड्या निशाणाचींच सुधारलेलीं रूपें आहेत. तीं मोटारवाल्यानें समाजावर केलेले उपकार नव्हेत. आपल्याकडील १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें साध्या सायकलीस मोटार वाहनांत गणलें नाहीं व तिच्या स्वारास परवान्याची अट घातली नाहीं, तें सायकलवाल्याचे लाड करण्यासाठीं नव्हे; तिच्यापासून इतरांस होणारें भय अल्प आहे म्हणून.

हें भय किती अल्प तें शाळेंतील पदार्थविज्ञानावरूनही सांगतां येईल. १२०० किलो वजनाची मोटार ताशीं ५० किलोमीटर वेगानें जात आहे, आणि स्वारासह ८५ किलो वजनाची सायकल ताशीं १५ किलोमीटर वेगानें जात आहे असें धरूं. गतिजन्य शक्ति वजनाच्या पटींत व वेगाच्या वर्गाच्या पटींत वाढत असल्यामुळें, मोटारींतील शक्ति सायकलीच्या दीडशेंपटींहून अधिक भरते. जेथें दोन पक्षांच्या सामर्थ्यांत एवढें अंतर आहे, तेथें "दोघांचीही चूक सारखीच" असें म्हणणारा तराजू समतोल दिसला तरी न्यायाचा नव्हे. मोटारवाल्याची एका क्षणाची अनवधानता दुसऱ्याचे प्राण घेते. सायकलवाल्याची तशीच अनवधानता बहुधा त्याचे स्वतःचे घेते.

हें तत्त्व कांहीं देशांनीं उघडपणें स्वीकारलें आहे. नेदर्लंड्समध्यें १९७१ सालीं रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसें मेलीं व त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. त्यानंतर तेथील आईबाप रस्त्यावर उतरले आणि त्या देशाच्या रस्त्यांचा नकाशाच हळूहळू पालटला. तेथील कायद्याप्रमाणें मोटारीनें सायकलस्वारास इजा केली तर नुकसानीची जबाबदारी, कांहीं अपरिहार्य कारण सिद्ध न झाल्यास, मुख्यतः मोटारवाल्यावर येते. आणि इजा झालेलें मूल चौदा वर्षांच्या आंतील असल्यास त्याची चूक बहुतेक जमेसच धरीत नाहींत. आपल्या कायद्यासही हा विचार परका नाहीं. १९८८ च्या कायद्यांत २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली, तींत मोटार अपघातांतील मृत्यूसाठीं ५ लाख व गंभीर दुखापतीसाठीं २॥ लाख रुपये भरपाई, दोष कोणाचा हें सिद्ध न करतांही, ठरविली आहे. मनुष्य आधीं, दोष मागाहून, असाच याचा अर्थ. आमच्या "दिवा कोठें आहे तुझा ?" या प्रश्नांत हा क्रम उलटा झाला होता.

येथवर वाचून आमचे सायकलप्रेमी मित्र संतुष्ट झाले असतील, तर त्यांस थोडें थांबवणें आवश्यक आहे. दुर्बळाचा नियमभंग क्षम्य असला तरी तो योग्य ठरत नाहीं. ते म्हणतात, तांबडा दिवा मोटारींसाठीं आहे. चौक मोकळा असतां आम्हीं ताटकळत कां उभें राहावें? हा प्रश्न निरर्थक नाहीं. अमेरिकेंतील आयडाहो संस्थानानें १९८२ सालीं सायकलस्वारांस अशी मुभा दिली कीं, थांबण्याची पाटी असेल तेथें त्यांनीं वेग कमी करून व इतरांस वाट देऊन पुढें जावें, आणि तांबडा दिवा असेल तेथें पूर्ण थांबून, रस्ता मोकळा असल्यास, निघावें. अॅरिस्टॉटलनें न्यायाहून श्रेष्ठ अशा समंजसपणाचें वर्णन करतांना लेस्बॉस बेटांतील गवंड्यांच्या शिशाच्या मोजपट्टीचा दृष्टान्त दिला आहे. ती पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणें वांकते. कायदाही प्रसंगीं असा वांकला पाहिजे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ती पट्टी कोणी वांकवावयाची ? आयडाहोंत ती विधिमंडळानें वांकविली, सर्वांच्या देखत, सर्वांस कळेल अशा रीतीनें. चौकांत जो तो आपल्या घाईप्रमाणें ती वांकवूं लागला तर ती मोजपट्टी राहत नाहीं, शिशाचा तुकडा राहतो.

शिवाय सायकलस्वार आपणांस दुर्बळ म्हणवितो तें मोटारीच्या शेजारीं. पदपथावरून काठी टेंकीत चाललेल्या म्हातारबाईच्या शेजारीं तो कोण असतो ? तिच्या दृष्टीनें मागून घंटी न वाजवतां येणारी सायकल हीच मोटार होय. सामर्थ्यानुसार जबाबदारी हें तत्त्व जो मोटारवाल्यास ऐकवतो, त्यानें तें आपल्या खालच्या पायरीवरही पाळलें पाहिजे. इंग्लंडांतील रस्त्याच्या नियमावलींत जानेवारी २०२२ मध्यें जो बदल झाला, त्यांत नेमकी हीच उतरंड सांगितली आहे : जो अधिक इजा करूं शकतो, त्याची जबाबदारी अधिक, परंतु त्यामुळें दुसऱ्या कोणाची जबाबदारी नाहींशी होत नाहीं. दोन वाक्यें आहेत, आणि प्रत्येक पक्ष त्यांतील आपल्या सोयीचें एकच वाचतो.

असें कां व्हावें ? आम्हांस वाटतें, आपण नियमाचा उपयोग दोन निरनिराळ्या कामांसाठीं करतों व तो भेद लक्षांत ठेवीत नाहीं. एक काम स्वतःचें वर्तन आंखण्याचें. दुसरें, दुसऱ्याचा दोष दाखवून आपली सुटका करून घेण्याचें. पहिल्या कामांत नियम हा नियम असतो. दुसऱ्यांत तो केवळ निमित्त होतो. आमच्या वडिलांच्या पिढींत पुणें हें सायकलींचें शहर होतें. सायकलीला बिल्ला लागे, रात्रीं दिवा लागे, आणि दिव्यावांचून किंवा डबलसीट जाणाऱ्यास पोलीस अडवी. त्या वेळीं नियम सर्वांवर सारखाच पडे, कारण सगळेच सायकलवर असत; आणि पकडला गेलेला मनुष्य हा अमुक एक मनुष्य असे, सायकलवाल्यांच्या जातीचा मासला नसे. आज मोटारींत बसलेल्यास सायकलवाला हा परका झाला आहे. म्हणून एका सायकलवाल्यानें तांबडा दिवा मोडला म्हणजे "हे लोक असेच" असें आपण म्हणतों. मोटारवाल्यानें मोडला म्हणजे "तो मनुष्य बेफिकीर होता" असें म्हणतों. आपल्यांतल्याची चूक त्याची एकट्याची, परक्याची चूक त्याच्या सगळ्या वर्गाची, हा न्याय रस्त्यापुरताच चालतो असें नाहीं. म्हणूनच तो रस्त्यावर ओळखून घेणें बरें. आणि जी चूक सगळेच करतात ती तर चूक म्हणून दिसतच नाहीं. पांढऱ्या पट्ट्यांवर येऊन थांबलेली मोटार, दूरध्वनि कानाला लावून चालविलेली मोटार, सायकलींच्या पट्टीवर रात्रभर उभी असलेली आमची मोटार, यांस आम्ही नियमभंग म्हणत नव्हतों. वहिवाट म्हणत होतों.

तेव्हां मूळ प्रश्नाचें उत्तर आम्ही असें देतों : दुसऱ्यानें नियम मोडल्यानें त्याचा दोष वाढतो, आपलें कर्तव्य घटत नाहीं. नियम पाळणें ही रस्ता वापरण्याची किंमत असेल. पण आपला जीव वांचवला जावा ही अपेक्षा विकत घेण्याची वस्तु नव्हे. दोष द्यावयाचाच असेल तर आधीं एवढें विचारावें, कीं या नियमभंगामुळें हा अपघात झाला, कीं अपघात झाल्यावर हा नियमभंग मला सांपडला ?

तो मुलगा चौथ्या दिवशीं आम्हांस पुन्हां भेटला. चूक आमची होती, एवढें सांगण्यासाठीं आम्ही तीन दिवस पहाटेस फाटकापाशीं उभे राहत होतों. आमचें बोलणें त्यानें काहींशा संकोचानें ऐकून घेतलें. त्याचा अर्थ त्यास कितपत कळला कोण जाणे. "दिवा बसवून घेतला, काका," तो म्हणाला, आणि आम्हांस बरें वाटावें म्हणून कीं काय, त्यानें भर उजाडलेलें असतांही तो लावून दाखविला. त्याच्या वाट्याचा नियम त्यानें असा पुरा केला होता.

आमच्या वाट्याचा अजून चालू आहे. मोटार आतां आम्ही आवाराच्या आंत लावतों. इंग्लंडच्या त्याच नियमावलींत, मोटारीचें दार त्याच्या पलीकडच्या बाजूच्या हातानें उघडावें, अशी सूचना आहे. तसें केल्यानें शरीर आपोआप वळतें व दृष्टि मागच्या रस्त्याकडे जाते. आमचें दार उजवीकडे, म्हणून हात डावा. पन्नाशी उलटल्यावर हाताला नवी संवय लागणें कठीण जातें. अजूनही दहांतून तीनदां उजवा हातच पुढें होतो, आणि तो मागें घेतांना त्या पहाटेची आठवण होते.