पासंगाची निवड

बंधन म्हणजे दुःख व बंधनाचा अभाव म्हणजे सुख, असे समीकरण आपण सर्वजण तारुण्यात मांडतो आणि पुष्कळजण त्याचा ताळा न पाहताच म्हातारे होतात. आम्हीही त्यांतलेच. ह्या समीकरणात एक पद गळलेले आहे हे आम्हांस पन्नाशी उलटल्यावर कळले. आणि ते कळण्यास एखादा ग्रंथ नव्हे, तर आमच्या भाच्याच्या हातातील एक खेळणे कारणीभूत झाले. जन्मभर विद्यार्थ्यांना नीतिशास्त्र शिकविणाऱ्याने अशी कबुली देणे थोडे लाजिरवाणे आहे खरे. परंतु ती सत्य आहे, म्हणून देतो.

यो-यो हे खेळणे बहुतेक वाचकांच्या परिचयाचे असेल. दोन चकत्या, मध्ये आस व आसाभोवती दोरी, एवढाच त्याचा संसार. ते परदेशी आहे असे आपण समजतो. परंतु राजस्थानातील बुंदी-कोटा भागातल्या, सुमारे १७७० सालच्या एका चित्रात एक स्त्री अशाच चकरीशी खेळताना दाखविलेली आहे. अर्वाचीन यो-योचा प्रसार मात्र अमेरिकेतून झाला. पेद्रो फ्लोरेस ह्या मूळच्या फिलिपाइन्समधील गृहस्थाने १९२८ साली कॅलिफोर्नियात त्याचा कारखाना काढला, आणि तेथून ते जगभर गेले. नेहमीच्या खेळात दोरीच्या टोकाचा सरकफास मधल्या बोटात अडकवितात. चकरी कितीही दूर गेली तरी बोटाशी बांधलेलीच राहते, आणि तासभर खेळल्यावर बोटाला लाल वळ उठतो.

गेल्या शतकाच्या अगदी अखेरीस स्टीव्ह ब्राऊन नामक अमेरिकन खेळाडूने ह्या खेळाला निराळे वळण दिले. बोटातील फास काढून टाकून त्याने दोरीच्या त्या टोकाला एक लहानसे वजन बांधले. खेळाडू ते वजन हातात धरतो, चकरी फेकतो, आणि ती दोरीच्या टोकाशी गरगरत असता वजनही सोडून देतो. वजन हवेतून, खांद्यावरून, पाठीमागून फिरून येते व तो ते पुन्हा झेलतो. ह्या प्रकारास 'फ्रीहँड', म्हणजे मोकळा हात, असे नाव असून जागतिक स्पर्धेत त्याचा स्वतंत्र, पाचवा विभाग असतो. त्या वजनास मराठीत काय म्हणावे ह्याचा आम्ही विचार केला, तेव्हा तराजूच्या हलक्या पारड्यात घालावयाचा 'पासंग' हाच शब्द आम्हांस सर्वांत जवळचा वाटला.

गेल्या उन्हाळ्यात भाचा आमच्याकडे सुट्टीला आला होता. व्हरांड्यात त्याचा हा खेळ पाहून आम्ही प्राध्यापकी थाटात विचारले, "हात मोकळाच करायचा, तर मग ते वजन तरी कशाला?" तो म्हणाला, "मामा, वजन नसलं तर दोरी हातात परत येणार कशी?" आणि लगेच गाठ सोडून त्याने रिकाम्या दोरीने खेळून दाखविले. दोरीचे टोक हातातून सुटताच लुळे पडले, चकरीभोवती गुरफटले, आणि चकरी कपाटाखाली गेली. गुडघे टेकून ती काढण्याचे काम आमच्याकडे आले. अभावरूप स्वातंत्र्याचे इतके चोख खंडन आम्ही वर्गात कधी केले नव्हते.

मग त्याने एक डबी उघडली. तीत सोंगटीच्या खेळातल्यासारखे भोक पाडलेले फासे होते, रबरी चेंडू होते, लाकडी मणी होता, आणि धातूचा एक गोळाही होता. ह्यांतून निवड कशी करावी हे तो सांगू लागला, तेव्हा आम्ही खुर्ची जवळ ओढली. रबरी चेंडू नवशिक्याला बरा, कारण चुकला तरी बोटांच्या पेरांना तो फारसा लागत नाही. फाशाला कोपरे असतात. न पाहताही तो बोटांना कळतो व धरल्यावर हातात ठरतो. गुळगुळीत गोळा एका हातातून दुसऱ्या हातात सहज जातो. पण सहज येतो तसा सहज निसटतोही.

वजनाचा प्रश्न मात्र केवळ आवडीनिवडीचा नव्हे. चकरी साधारणतः ६६ ग्रॅमची व पासंग १० ग्रॅमच्या आसपास असतो. दोन्ही टोके मोकळी सुटली की ती परस्परांभोवती नव्हे, तर दोहोंच्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. दोरी एक मीटर धरली व तिचे स्वतःचे वजन सोडून दिले, तर हा बिंदू चकरीपासून सुमारे १३ सेंटिमीटरांवर पडतो. पासंग २० ग्रॅमचा केला तर तो २३ सेंटिमीटरांवर जातो, आणि ३ ग्रॅमचा केला तर जेमतेम ४ सेंटिमीटरांवर येतो. म्हणजे पासंग जड झाला की तोच चकरीला ओढू लागतो, खेळाडूची योजना बिघडवितो, आणि हातावर बसला तर चांगलाच बसतो. तो अगदी हलका असला तर दोरीला ताण राहत नाही. तो गेला काय आणि आला काय, हाताला पत्ताही लागत नाही. सोडता येईल इतका हलका व परत आलेला कळेल इतका जड, अशी ही अवघड मध्यमा आहे.

हे ऐकत असता आमचे मन खेळावर राहिले नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या मातोश्री निवर्तल्या. तत्पूर्वी सात वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या. दिवसाचा सगळा भार आमच्या पत्नीने वाहिला. सायंकाळी सातचा तास तेवढा आमचा होता. औषध द्यावयाचे, उशी सारखी करावयाची व काही वाचून दाखवावयाचे. त्या तासासाठी आम्ही व्याख्याने नाकारली, प्रवास टाळले, आणि खरे सांगावयाचे तर, तो तास आपला केव्हा होईल असे मनाशी अनेकदा म्हटले. पुढे तो आपला झाला, आणि त्याचे काय करावे हे आम्हांस कळेना. प्रथम आम्ही जड पासंग बांधले. गृहनिर्माण संस्थेचे अध्यक्षपद घेतले, परीक्षांच्या दोन समित्या पत्करल्या. थोड्याच महिन्यांत आम्ही समित्या चालवीत नसून समित्या आम्हांस ओढीत आहेत असे दिसू लागले. ती कामे सोडली व हलके पासंग बांधले. सायंकाळचा फेरफटका, पुस्तकांच्या दुकानात डोकावणे, इकडच्या तिकडच्या गप्पा. ह्यांपैकी एकही गोष्ट चुकली तरी कोणाचे काही अडत नव्हते, आणि म्हणूनच आमचेही तीत काही गुंतत नव्हते.

येथे कोणी म्हणेल की आईची सेवा हे जन्मप्राप्त कर्तव्य, आणि आपण निवडलेले काम हा केवळ छंद. पासंग कितीही तोलून निवडला तरी तो फासाची योग्यता कशी पावेल? आक्षेप खोटा नाही. भाचाही आधी तीन वर्षे बोटात फास अडकवूनच खेळत होता. हात शिकला तो त्या वळामुळे. लादलेल्या बंधनातून जो गेलाच नाही, त्याला निवडलेल्या बंधनाचे वजन करता येईल असे आम्हांस वाटत नाही. परंतु लादलेले बंधन एक दिवस तुटतेच, मग ते मृत्यूने तुटो, निवृत्तीने तुटो वा मुलांच्या वयात येण्याने तुटो. त्यानंतर मनुष्याने काय करावे, हा खरा प्रश्न आहे. अनासक्तीचा अर्थ दोरीचे टोक रिकामे सोडणे असा आपण पुष्कळदा करतो. वस्तुतः धरलेले सोडता येणे व सोडलेले वेळेवर झेलता येणे, ह्या दोन्ही शक्ती असतील तरच तिला काही किंमत आहे.

सध्या आठवड्यातून तीन दिवस सातच्या सुमारास आम्ही आमच्याच आळीतील एका वृद्ध शिक्षकांकडे जातो. त्यांची दृष्टी गेली आहे. आम्ही वाचतो, ते ऐकतात, आणि आमचे उच्चार सुधारतात. हा पासंग आम्हांस मानवला आहे. त्याला कोपरे आहेत. एखादा दिवस चुकला तर टोचते. मात्र एक शंका आम्हांस मध्यंतरी फार छळीत होती. स्वतःचा तोल सांभाळण्यासाठी दुसऱ्या जिवंत मनुष्याचे वजन करून वापरावे, हे नीतीला धरून आहे काय? मनुष्यास केवळ साधन म्हणून वापरू नये, हे कांटचे तत्त्व आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. अखेर एके सायंकाळी शंका त्यांच्यापुढेच मांडली. ते हसून म्हणाले, "तुम्हांला कोणी सांगितलं, की तुम्ही माझे पासंग नाही म्हणून?"

ह्या उत्तराने आमचे समाधान झाले, आणि ते केवळ विनोदामुळे नव्हे. फिरणाऱ्या दोन टोकांचा मध्यबिंदू कोणत्याच टोकात नसतो. तो मधल्या दोरीवर असतो. चकरी पासंगाला तोलते तशी पासंगही चकरीला तोलतो. जेथे दोघेही एकमेकांचे साधन आहेत व दोघांनाही ते ठाऊक आहे, तेथे कोणी 'केवळ' साधन राहत नाही. अन्याय होतो तो एका टोकाने आपणच मध्य आहोत असे मानले म्हणजे. सात वर्षे आईच्या उशाशी बसून भार वाहणारे आपणच, असे आम्ही मानीत होतो. त्या वेळी तोल कोण सांभाळीत होते, हे आज आम्हांस दिसते. परंतु ते त्यांना सांगण्याची वेळ निघून गेली आहे. ज्या वाचकांची ती वेळ अद्याप गेलेली नाही, त्यांनी ती दवडू नये, एवढेच सांगावयाचे होते.