निवडणारा कोण?

पेशीपटलाला मराठी पाठ्यपुस्तकांत ‘निवडक्षम पारपटल’ म्हणतात. काही पदार्थांना ते आत येऊ देते, काहींना अडवते. नाव सोयीचे आहे, पण त्यात एक जुना तात्त्विक पेच दडला आहे. निवड म्हटली की निवडणारा आला. मग जेमतेम 7-8 नॅनोमीटर जाडीच्या या पडद्यात निवडतो कोण?

पाण्यापुरते उत्तर सोपे आहे. 1748 मध्ये नोले या फ्रेंच धर्मगुरूने मद्यार्काच्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाने बांधले आणि ते पाण्यात बुडवले. पाणी आत शिरले, पडदा फुगला. मूत्राशय मेलेल्या जनावराचे होते, म्हणजे परासरणाला जिवंतपणाची गरज नव्हती. उतारावरून पाणी वाहते त्याला कोणी वाटाड्या लागत नाही, तसेच हे.

खरी अडचण चढावर येते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ रुडोल्फ हायडेनहाइन यांनी 1894 च्या सुमारास कुत्र्याच्या आतड्यात त्याच्याच रक्ताचा द्रव सोडला. आत आणि बाहेर दाटपणाचा फरक नव्हता, तरी तो शोषला गेला. परासरणाने हे सुटेना, म्हणून त्यांनी जिवंत पेशीच्या एका खास प्रेरक शक्तीचा आधार घेतला. सजीवांत भौतिक नियमांपलीकडची शक्ती मानणाऱ्या चैतन्यवाद्यांना हा मोठाच दिलासा होता. तो टिकला नाही. 1957 मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांना खेकड्याच्या मज्जातंतूंत एक विकर सापडले. एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक पदार्थाचा एक रेणू खर्चून ते पंपासारखे 3 सोडियम आयन बाहेर टाकते आणि 2 पोटॅशियम आयन आत घेते. चढावर चढवणारी शक्ती होती, पण ती अन्नातून मिळणारी होती.

तरीही ओळख पटवण्याचा प्रश्न उरतो. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान. मग पोटॅशियम जाते त्या वाटेने तो का जात नाही? 1998 मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी या वाटेची रचना उलगडली. पाण्यात प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे कडे असते. अरुंद वाटेत शिरताना ते सोडावे लागते. तिथे प्रथिनातील ऑक्सिजनचे अणू नेमके पोटॅशियमला कवेत घेतील अशा अंतरावर बसलेले आहेत. लहानग्या सोडियमला ते पुरेसे जवळ येत नाहीत, म्हणून त्याला आपले कडे सोडणे परवडत नाही. कुलपाला चावी बसते; कुलपाने चावी ओळखली असे कोणी म्हणत नाही.

याचा उत्तम पुरावा म्हणजे फसगत. थॅलियम विषारी आहे, पण त्याचा आयन पोटॅशियमशी मिळताजुळता असल्याने पेशी त्याला बिनदिक्कत आत घेते. पारख करणारा कोणी आत असता तर त्याने विषाला दार उघडले नसते. हृदयाच्या तपासणीत किरणोत्सारी थॅलियम अत्यल्प मात्रेत टोचतात, ते याच फसगतीच्या भरवशावर.

जाणिवेशिवाय जड वस्तू कामाला लागते का, हा वाद भारतीय दर्शनांत फार पूर्वी झाला आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत दाखला आहे : दुधाला जाणीव नसते, तरी ते वासराच्या पोषणासाठी पाझरते, जड प्रकृतीही तशीच पुरुषासाठी, म्हणजे चेतन आत्म्यासाठी, झटते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हा दाखला नाकारला. दूध पाझरते ते चेतन गाईच्या मायेमुळे आणि वासराच्या चोखण्यामुळे. शिवाय अंतर्यामी ईश्वराचे अधिष्ठान आहेच. पटलाच्या दारापुरते पाहिले तर सांख्यांचा दाखला सरस ठरतो, कारण पोटॅशियमच्या वाटेवर गायही नाही आणि मायाही नाही. शंकराचार्यांचा अंतर्यामी मात्र यामुळे खोटा ठरत नाही. जो जडाच्या प्रत्येक हालचालीमागे आहे, तो थॅलियमच्या परीक्षेत सापडणारही नाही आणि नापासही होणार नाही.

‘साठी’ हा शब्द तेवढा दोघांनाही पुरून उरतो. पंप कशासाठी आहे, हे विचारल्याशिवाय जीवशास्त्राचे पान हलत नाही, आणि ते विचारण्यात गैरही नाही. ज्यांच्या पेशींतली दारे बरी चालली त्या जीवांचा वंश टिकला, एवढाच त्या ‘साठी’चा शास्त्रातला अर्थ. डार्विनच्या या तत्त्वालाही मराठीत ‘नैसर्गिक निवड’च म्हणतात, आणि तिथेही निवडणारा नाही.

रक्तपुरवठा तुटला की एटीपी संपते आणि पंप थांबतो. सोडियम आत साचते, त्यामागून पाणी शिरते, पेशी फुगू लागते. पडदा तेव्हाही तोच असतो.